दिव्याविना

आगीची बातमी आली की एक शब्द ठरलेला असतो. गोदाम बेचिराख, वस्ती बेचिराख, बाजार बेचिराख. युद्ध पेटले की शहरे बेचिराख होतात. शब्द वाचताच काळे पडलेले वासे आणि धुमसणारा ढीग डोळ्यांपुढे येतो, कारण त्याच्या शेवटी 'राख' स्वच्छ ऐकू येते. मराठी माणसाला या शब्दाचा अर्थ कोणी शिकवत नाही, त्याचा कानच तो लावून घेतो.

पण राखेचा या शब्दाशी जन्माचा काही संबंध नाही. फारसीत 'चिराग' म्हणजे दिवा आणि 'बे' म्हणजे विना. बेचिराग म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे ठिकाण. 'ग'चा 'ख' झाला तो मराठी जिभेमुळे. फारसी शब्दाच्या शेवटी मृदू व्यंजन आले की आपण ते बऱ्याचदा कठोर करून टाकतो. मददची मदत झाली, पसंदचे पसंत झाले, नेस्तनाबूदचे नेस्तनाबूत झाले, आणि दिमागचा तर दिमाख होऊन त्याचा अर्थही डोक्यातून निघून डौलात शिरला. त्याच वाटेने चिरागचा चिराख झाला. एकदा 'ख' आल्यावर पुढचे काम कानाने केले. अनोळखी 'चिराख'मध्ये त्याला ओळखीची 'राख' सापडली, आणि दिव्याचा शब्द आगीचा झाला.

यात कोणाची चूक झाली असे मी म्हणत नाही. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. शब्दाचा अर्थ तो बोलणाऱ्यांच्या हाती असतो, आणि आज आगीत वस्ती बेचिराख झाली असे लिहिणारा वार्ताहर शुद्ध मराठीच लिहितो. माझे म्हणणे निराळे आहे. जुना अर्थ मागे पडला तेव्हा विनाशाकडे पाहण्याची एक रीतही मागे पडली, आणि ती आपल्याला आज हवी आहे. ती पुण्याला, त्यातही शनिवार पेठेला किती हवी आहे, हे मला या लेखात मांडायचे आहे.

आधी हा शब्द राहत कुठे होता ते पाहू. तो कवींचा नव्हता, महसुली दप्तराचा होता. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानले जात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. दुष्काळ, स्वारी, रोगराई किंवा नुसता साऱ्याचा बोजा असह्य होऊन रयत उठून गेली की पांढरी ओस पडे, काळीत रान माजे. पण दप्तरातून गाव नाहीसे होत नसे. त्याची सीमा कायम, शिवार कायम, नाव कायम, फक्त नावापुढे शेरा पडे: बेचिराग. विदर्भात अशा गावाला रिठी म्हणतात. नकाशात गाव आहे, हद्दीचे दगड आहेत, तिन्हीसांजेला दिवा मात्र एकाही उंबऱ्यात लागत नाही.

कारकुनाने भिंतींची पडझड मोजली नाही, छपरे मोजली नाहीत, जळाले किती हेही विचारले नाही. त्याने विचारले ते एवढेच, की संध्याकाळी इथे दिवा लावणारे कोणी आहे का? यापेक्षा नेमकी कसोटी मला तरी सुचत नाही. भिंती पडलेल्या घरातही माणूस दिवा लावतो, आणि चिरेबंदी वाड्यात लावणारे कोणी उरत नाही, असेही होते. आपल्या बोलण्यात ही जाणीव अजून आहे. निपुत्रिक घराबद्दल हळहळताना आपण 'दिवा लावायला कोणी राहिले नाही' असे म्हणतो. देवळाच्या दिवाबत्तीसाठी, पिराच्या चिरागबत्तीसाठी इनाम जमिनी दिल्या जात, कारण दिवा आपोआप लागत नाही. त्याला तेल लागते, हात लागतो, आणि त्या हाताचे पोट त्याच ठिकाणी भरावे लागते.

आणखी एक गोष्ट त्या शेऱ्यात होती. तो शेवटचा शब्द नसे, त्याच्यामागून काम सुरू होई. गाव बेचिराग लिहिले की सरकारने रयतेला कौल द्यायचा, परत येणाऱ्याला अभय द्यायचे, साऱ्यात सूट द्यायची. पहिल्या वर्षी थोडे, दुसऱ्या वर्षी थोडे जास्त, असा चढता दर ठरवायचा, त्याला इस्तावा म्हणत. गाव पुन्हा बसवणे आणि जमीन पुन्हा लागवडीला आणणे यासाठी जोडशब्दच होता, लावणी-संचणी. राख पुन्हा लाकूड होत नाही. दिवा मात्र पुन्हा लावता येतो, त्याला एक बिऱ्हाड परत येणे पुरते. कानाने केलेल्या बदलाची खरी किंमत इथे दिसते. दुरुस्त होऊ शकणारी एक अवस्था आपण कायमचा शेवट करून टाकली.

विनाशाचे शब्द मराठीत कमी नाहीत. वाताहतीत वारा आहे, आणि 'बरबाद' या फारसी शब्दातही वाराच आहे, वाऱ्यावर गेलेले. धूळधाणीत धूळ आहे. नेस्तनाबूत म्हणजे नाही आणि नव्हतेच. अरबीतला खराब शब्द सातबाऱ्यावर पोटखराबा होऊन मुकाट बसला आहे. आणि पेशव्यांच्या एका मोहिमेने तर एका गावाच्या नावाचेच सामान्यनाम केले. १४ जानेवारी १७६१ नंतर मराठीत कोणाचेही, कशातही पानिपत होऊ लागले. पण या सगळ्या शब्दांत काहीतरी घडते. वारा सुटतो, फौज कापली जाते. पानिपताला तारीख आहे. बेचिराखला तारीख नसते. गावातला शेवटचा दिवा कोणत्या संध्याकाळी लागला हे सहसा कोणालाच ठाऊक नसते, कारण त्या संध्याकाळी तो शेवटचा आहे असे कोणाला वाटलेले नसते. ज्याला तारीख नाही त्याची बातमी होत नाही. जळण्याची होते.

पुणे स्वतः या शब्दाच्या जुन्या अर्थातून गेलेले गाव आहे. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केले, गाढवांचा नांगर फिरवला, पहार ठोकली, हे महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. त्याच काळात, १६३० ते १६३२ या वर्षांत, दख्खनेत भयंकर दुष्काळ होता हे मात्र फारसे सांगितले जात नाही. नांगराची गोष्ट चित्रासारखी आहे म्हणून ती टिकली. माणसे पळवली ती तलवारीने किती आणि भुकेने किती, हा हिशेब गोष्टीत मावत नाही. पुढे जिजाबाई आणि बालशिवाजी इथे आले, सोन्याच्या नांगराची कथा झाली. मला त्या कथेपेक्षा तिच्यामागचे कंटाळवाणे काम मोठे वाटते. दादोजी कोंडदेवांनी मावळात लांडगे मारणाऱ्याला बक्षीस दिले, पडीक जमिनीला हलका दर लावला, रयत बोलावून वसवली, असे बखरी सांगतात. सोन्याचा फाळ एका सकाळी फिरतो. साऱ्याची सवलत वर्षानुवर्षे पाळावी लागते, आणि माणूस येतो तो तिच्यावर विश्वास ठेवून.

आज जिला शनिवार पेठ म्हणतात तिचे जुने नाव मुर्तजाबाद. आबाद म्हणजे वसलेले, बेचिरागचा नेमका उलटा शब्द. वारांची नावे येण्यापूर्वी पुण्यातल्या काही पेठांना अशी नावे होती, आणि पेठ वसवणे हे राज्यकर्त्याचे पुण्यकर्म आणि उत्पन्नाचे साधन दोन्ही होते. या पेठेच्या कडेला बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, वाड्याचा पाया घातला. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे या वाड्याने पेठेला पोसले. कारकून, शागीर्द, भिक्षुक, पाणके, मशालजी, सावकार, आचारी यांची बिऱ्हाडे वाड्याच्या ओढीने आजूबाजूला बसली. वाडा म्हणजे त्या सगळ्यांचे पोट होते. दगडी तट आणि दिल्ली दरवाजा हा त्याचा फक्त दिसणारा भाग.

मग तो बेचिराख कधी झाला? पाठ्यपुस्तक सांगेल, १८२८च्या फेब्रुवारीत, मोठ्या आगीत, जी कित्येक दिवस धुमसत होती. राखेच्या अर्थाने ते खरे आहे. दिव्याच्या अर्थाने नाही. दुसऱ्या बाजीरावाचा जीव या वाड्यात रमला नव्हता. नारायणरावाचा खून १७७३ साली इथेच झाला होता, सवाई माधवराव १७९५ साली इथेच गेले होते, आणि बाजीरावाचा मुक्काम पुढे बराचसा विश्रामबागवाड्यात असे. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी बाळाजीपंत नातूंनी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवले, त्या दिवशी पेशवा शहर सोडून निघालेला होता. त्यानंतर इमारत रिकामी राहिली असे नाही, सरकारी कामांना ती वापरली गेली. पण नांदते घर संपले होते, आणि त्याबरोबर पेठेतल्या कितीतरी बिऱ्हाडांच्या पोटाचा आधार तुटला होता. आग लागली तेव्हा वाड्याला बेचिराग होऊन दहा वर्षे उलटून गेली होती. आपण मात्र वाड्याचा अंत म्हणून आगीचे साल पाठ करतो. राखेची कसोटी नजर किती चुकवते, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

ही कसोटी घेऊन मागे-पुढे जाता येते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथली वस्ती साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली. गाव सोडले गेले, आणि पुरातत्त्वज्ञ म. के. धवलीकरांनी त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला. कोणी स्वारी केल्याचे सांगावे लागत नाही. पाऊस हटत गेला, पीक हटत गेले, घरे लहान होत गेली, माणसे पांगली. उरली ती पांढरीची टेकाडे. गाव मरते ते बहुधा असे.

किंवा मुळशी घ्या. १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी मावळ्यांना घेऊन टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. मुळशी खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. धरण होते विजेसाठी, मुंबईच्या गिरण्यांसाठी आणि आगगाड्यांसाठी. एका शहरात दिवे लागावेत म्हणून एक खोरे बेचिराग झाले. इथे राखेचा कणही नव्हता, होते ते पाणी, आणि तरी या गोष्टीला याहून चपखल शब्द मराठीत नाही. राखेवर अडून बसलेल्याला तो इथे वापरताच येणार नाही, पाण्यात गाव बेचिराख कसे होईल असे तो विचारेल. म्हणून मला जुना अर्थ परत हवा आहे. त्याच्याशिवाय या माणसांना काय झाले ते सांगता येत नाही.

पाण्यानेच पुढे शनिवार पेठ गाठली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, खडकवासल्याचा बांध गेला, आणि मुठेचा लोंढा नदीकाठच्या पेठांत शिरला. ओंकारेश्वराच्या अंगाचा भाग, नारायण पेठ, कसबा, सगळीकडे मातीचे वाडे विरघळले. त्या दिवशी काय घडले हे पुण्यात घरोघर सांगितले गेले आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. पुढच्या वर्षांत काय झाले ते कमी सांगितले जाते. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पूरग्रस्तांना घरे मिळाली ही मोठी गोष्ट होती, तिला मी नावे ठेवणार नाही. पण पेठेतून उठलेले बिऱ्हाड पेठेत परत यावे यासाठी कौल निघाला नाही. पेठ तशीच राहिली, तिच्यातले दिवे मात्र विरळ होऊ लागले.

त्यानंतरचे काम पुराने केले नाही, ते कायद्याने आणि भाड्याने केले. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूचे संरक्षण करणे गरजेचेच होते. पण हा दर पुढे अर्धशतकभर तसाच पडून राहिला, १९९९चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू होईपर्यंत. मालकाला कौले फिरवण्याइतकेही पैसे भाड्यातून सुटेनात, भाडेकरूला सोडून जाणे परवडेना, आणि मधल्या मध्ये वाडा कुजत राहिला. पावसाळ्याच्या तोंडाशी महापालिकेच्या धोकादायक वाड्यांच्या यादीत नाव लागते, मग नोटीस, मग रिकामे करणे, मग वर्षानुवर्षे वाद. मुले आधीच कोथरूडला किंवा परदेशी गेलेली असतात. वरच्या माडीवर एक आजी राहते. तिचा दिवा लागतो तोवर वाडा आबाद.

खुद्द शनिवारवाड्याभोवती तर याहून विचित्र परिस्थिती आहे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय करता येत नाही. १९९२ ची अधिसूचना आणि २०१० ची कायद्यातली दुरुस्ती यांनी हे घट्ट झाले. दुरुस्तीला वाट आहे, पण कुजलेला वाडा पाडून त्याच कुटुंबांसाठी नवे घर बांधायला नाही. म्हणजे ज्या वास्तूत आज कोणीच राहत नाही तिच्या सन्मानासाठी तिच्या शेजारची राहती घरे पडेपर्यंत थांबायचे. स्मारके जपली पाहिजेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही, तटाला टेकून बारा मजली इमारत उभी राहावी असे मला मुळीच वाटत नाही. पण हा नियम लिहिणाऱ्याने जपणुकीची व्याख्या दगडावरून केली. शनिवारवाडा हा शेजाराचा वाडा होता. शेजार निघून गेला तर उरलेला तट संध्याकाळच्या प्रकाशझोतांत कितीही उजळला, तरी दप्तराच्या जुन्या भाषेत ती जागा बेचिरागच म्हणावी लागेल, कारण त्या उजेडात कोणी राहत नाही.

कोणी म्हणेल, यासाठी ओस, ओसाड, उजाड हे शब्द आहेतच की. आहेत, आणि सुंदर आहेत. पण ते जागा कशी दिसते ते सांगतात, पाहणाऱ्याच्या मनात उदासी निर्माण करतात आणि तिथे थांबतात. बेचिराग ही नोंद होती. ती कोणीतरी जबाबदारीने करायची, सही करायची आणि मग त्यावर काहीतरी करायचे. ओसाडला कोणी उत्तरदायी नसतो.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. दप्तराला दिसणारा दिवा हा सारा भरणाऱ्याचा दिवा होता. गाव बेचिराग लिहिताना कारकुनाने गावकुसाबाहेरची खोपटी मोजली का, रानातले कातकरी मोजले का, हंगामात येऊन राहणारा धनगर मोजला का? बहुधा नाही. त्यांच्या दिव्यावर कर नव्हता म्हणून तो दिवा नव्हता. म्हणून हा शब्द परत आणायचा तर कारकुनाच्या नजरेसकट आणता येणार नाही. आजच्या पेठेतही हीच गोष्ट आहे. वाड्याच्या वादात मालक दिसतो, बांधकाम व्यावसायिक दिसतो, करारनामा असलेला भाडेकरू दिसतो. जिन्याखालच्या खोलीत राहून चार घरची भांडी घासणारी बाई कोणत्याच कागदावर नसते, आणि वाडा रिकामा झाला की पेठेतून सर्वांत आधी जाते ती तिचीच समई. दिवे मोजायचे तर तिच्यापासून मोजायला हवेत.

तसे मोजले तर कामाला लागता येईल. धोकादायक वाड्यांच्या यादीत आज भिंत, गॅलरी, जिना यांची अवस्था लिहिली जाते. त्याच कागदावर त्या वाड्यात आज किती घरे नांदतात, त्यातली किती याच पेठेत परत येऊ इच्छितात, वाडा रिकामा असताना ती कुठे राहणार आणि किती दिवसांत परत येणार, हे लिहिणे महापालिकेला अशक्य नाही. शनिवारवाड्याच्या १०० मीटरांत उंची, बाह्यरूप आणि साहित्य यांच्या कडक अटी घालून जुन्याच कुटुंबांसाठी, जुन्याच चटईक्षेत्रात घरे बांधू देणे कायद्यात बदल करून शक्य आहे. त्याने तटाचे काही बिघडणार नाही. आणि परत येणाऱ्या बिऱ्हाडाला पहिली काही वर्षे मालमत्ता करात चढत्या क्रमाने सूट द्यावी. या गोष्टीला इस्तावा हा शब्द आपल्याकडे तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच तयार होता, नवा शोधत बसायला नको. मुर्तजाबादेत पहिले बिऱ्हाड आले तेही बहुधा अशाच कुठल्या तरी कौलावर विश्वास ठेवून आले असेल.